पालेर्मोत माळकऱ्याबरोबर सहा दिवस

बुधवार

भाऊबीज झाली, फराळाचे डबे शेजारीपाजारी वाटून संपवले आणि पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो. भाची मिलानला आर्किटेक्चर शिकते. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी यादी मी तिला पाठवली होती. तिचं उत्तर आलं, "मावशी, ते सगळं यूट्यूबवर बघ. तुला बाजार आवडतात ना? मग सिसिलीत चल, पालेर्मोला." बाजार मला आवडतात हे खरं. मी मूळची ओतूरची. आठवडे बाजारात पिशवी धरून वडिलांच्या मागे फिरण्यात माझं निम्मं लहानपण गेलं.

अडचण होती ती यांची. आमचे हे माळकरी. कांदा-लसूण चालतो, पण मासे-मटण-अंडं ताटाच्या आसपासही नको. आणि ज्या शहरात गाईच्या प्लीहेचा पाव हातगाडीवर विकतात तिथे यांना घेऊन जायचं! "काकांची काळजी माझ्यावर," भाची म्हणाली. तरी मी बॅगेत मेतकूट, दाण्याची चटणी आणि खाकरे कोंबलेच.

पालेर्मोच्या विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेलिनो या दोन न्यायाधीशांचं नाव आहे. दोघांनाही माफियाने १९९२ साली, दोन महिन्यांच्या आत, स्फोटात मारलं. शहराकडे येताना बस कापाची गावाजवळून जाते. तिथे हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना लालसर खांब उभे आहेत, त्यावर २३ मे १९९२ ही तारीख आणि मेलेल्यांची नावं. याच जागी रस्त्याखाली स्फोटकं पेरून फाल्कोने, त्यांची बायको आणि तीन अंगरक्षकांची गाडी उडवली होती. बस न थांबता पुढे गेली. बसमध्ये कुणी मान वर करूनही बघितलं नाही. रोजचं झालं असेल.

खोली बालारो बाजाराच्या मागच्या बोळात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गॅलरीतून समोरच्या घरातल्या आजींच्या दोरीवर वाळणाऱ्या चड्ड्या मोजता येतील इतकं अंतर. रात्री भाचीने पालकाचं सारण भरलेला, संत्र्याएवढा तळलेला भाताचा गोळा आणला: अरानचीना. इथे त्याला स्त्रीलिंगी म्हणायचं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला कातानियात तोच 'अरानचीनो', म्हणजे पुल्लिंगी, आणि या लिंगावरून दोन शहरांत खरोखरचं भांडण आहे. यांनी एक संपवून दुसरा मागितला. मी निश्चिंत झोपले.

गुरुवार

आजच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण पुढचं समजायला हवं म्हणून लिहिते. निघण्याआधी मी पुण्यातूनच इंटरनेटवर एक 'अस्सल स्थानिक खाद्ययात्रा' बुक करून ठेवली होती. फोटो छान होते. प्रत्यक्षात आम्ही बत्तीस जण, प्रत्येकाच्या कानात एक यंत्र, पुढे झेंडा घेतलेली बाई. ती बिचारी हंगामापुरती नोकरीला आलेली, तिलाच गल्ल्या नीट माहीत नव्हत्या. तीन तासांत पाच ठिकाणी थांबलो, प्रत्येक ठिकाणी आधीच कापून ठेवलेला अंगठ्याएवढा तुकडा. 'शाकाहारी पर्याय' म्हणून यांच्या हातात पाव आणि त्यावर तेल. शेवटी एका चकाचक दुकानात अर्धा तास, पिस्त्याचं क्रीम विकत घ्यायला. हे कानातलं यंत्र काढून तिला परत देत म्हणाले, "बाई, दर्शनाला रांगेत उभं केलंत आणि कळसच दाखवून परत पाठवलंत."

दुपारी आमचे आम्ही राजवाड्यातली काप्पेल्ला पालातीना बघितली. बाराव्या शतकात नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरने बांधलेलं हे खाजगी देवघर. भिंतींवर ग्रीक कारागिरांचं सोनेरी मोझेक, आणि वर मुसलमान सुतारांनी केलेलं लाकडी छत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं खोलगट कोनाड्यांचं. त्या कोनाड्यांत बारीक चित्रं आहेत: बुद्धिबळ खेळणारे, वाद्यं वाजवणारे, उंट. देवाच्या डोक्यावर बुद्धिबळ! मान दुखेस्तोवर बघत राहिले. कॅथीड्रलच्या दक्षिणेकडच्या दारापाशी एका खांबावर कुराणातल्या ओळी कोरलेल्या आहेत, त्याही भाचीने दाखवल्या. ८३१ साली अरबांनी हे शहर घेतलं, १०७२ साली नॉर्मनांनी त्यांच्याकडून घेतलं, आणि कुणीच आधीचं सगळं खरवडून टाकलं नाही.

शुक्रवार

सकाळी नऊ, काझा प्रोफेसा चर्चच्या पायऱ्या. आजची वाटाडी भाचीच्या मैत्रिणीच्या ओळखीतली. वय पस्तिशीच्या आसपास, पायात साध्या चपला, हातात झेंडा नाही. आम्ही सहा जण. ती याच मोहल्ल्यात जन्मली, तिची आई अजून इथेच राहते. पहिला प्रश्न, "न्याहारी करून तर आला नाहीत ना?" दुसरा, "कोण काय खात नाही?" यांनी शर्टाच्या आतून तुळशीची माळ काढून दाखवली. भाचीने इटालियनमध्ये काहीतरी समजावलं. वाटाडी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे जन्मभर लेंट!" ईस्टरच्या आधीचे त्यांचे चाळीस दिवसांचे उपास. "मग तुमची अजिबात अडचण नाही. हे शहर गरिबांनी शिजवलंय."

या एका वाक्याचा अर्थ कळायला मला संध्याकाळ झाली.

बालारोत शिरलं की आधी रंग बदलतो. दोन्ही बाजूंनी लाल ताडपत्र्या, त्यातून झिरपणारं ऊन आणि त्यात भर दिवसा पेटलेले बल्ब, त्यामुळे माणसं, टोमॅटो, माशांचे कल्ले सगळं एकाच तांबूस रंगात. तलवार माशाचं मुंडकं बर्फावर उभं ठेवलेलं, तलवार आभाळाकडे. आणि आरोळ्या. विक्रेत्यांच्या या आरोळीला 'अब्बान्नियाता' म्हणतात. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. शेवटचं अक्षर ओढायचं, मध्येच एक शिवी की कौतुक तेही कळू द्यायचं नाही. आमच्याकडे मेथीवाले असेच ओरडतात.

बाजारात उकडलेले बटाटे विकतात. गरम, सालासकट, पातेल्यातून वाफ येत असलेले. शेजारी भट्टीत अख्खे भाजलेले कांदे, बाहेरून काळे आणि आतून मऊ साखर. पूर्वी घराघरांत इंधन परवडायचं नाही म्हणून भाजी बाजारातूनच शिजवलेली न्यायची, ती सवय राहिली. कांदा खाता खाता वाटाडीने गोष्ट सांगितली. दहाव्या शतकात इब्न हौकल नावाचा बगदादकडचा प्रवासी इथे आला होता. त्याने शहरातल्या तीनेकशे मशिदींची तारीफ केली आणि लोकांबद्दल लिहून ठेवलं की हे दिवसरात्र कच्चा कांदा खातात, म्हणून यांची बुद्धी गेलीय. हे एकदम उसळले. "आमच्या जुन्नर तालुक्यात येऊन म्हणावं त्याला हे!" भाचीने भाषांतर केलं. कांदेवाला यांच्याशी हात मिळवायला गाड्यामागून बाहेर आला.

मग तिने मला विचारलं, "तुम्ही भारतात कुठल्या भागातल्या?" मी महाराष्ट्र म्हटलं, मग दख्खन म्हटलं. तिचे डोळे मोठे झाले. बालारो हे नाव कुठून आलं याबद्दल तीन-चार मतं आहेत. बहुतेक जण म्हणतात, जवळच्या बाल्हारा गावचे व्यापारी इथे बसायचे म्हणून. पण एक मत असं की बल्हरा नावाच्या हिंदुस्थानी राजाच्या मुलुखातून इथे मसाले यायचे, म्हणून. मी तिथेच थांबले. बल्हरा म्हणजे वल्लभराज, म्हणजे आपले राष्ट्रकूट! वेरूळचं कैलास ज्यांनी खोदवलं ते. नवव्या शतकातला सुलेमान व्यापारी जगातल्या चार मोठ्या राजांत खलिफा, चीन आणि रूमच्या (म्हणजे बायझंटाइन) बादशहांच्या पंक्तीला या बल्हराला बसवतो. अरबांनी पालेर्मो घेतलं तेव्हा मान्यखेटला, राष्ट्रकूटांच्या राजधानीत, अमोघवर्ष गादीवर होता. मत खरं की खोटं, विद्वानांनी ठरवावं. मी मात्र त्यानंतर बाजारात जरा मालकिणीसारखी चालले हे कबूल करते.

आता पानेल्ले. एका कोपऱ्यावर पत्र्याची टपरी, मोठी काळी कढई, मागे साठीचा गृहस्थ. वाटाडी म्हणाली, हे हरभऱ्याच्या पिठाचं. मी पुढे सरकले. पिठाचं बोट चाटलं. बेसन! थोडं जाडसर, पण बेसनच. कसं करतात ते त्याने हातवाऱ्यांनी दाखवलं: गार पाण्यात पीठ कालवायचं, मीठ, मग आचेवर एकाच दिशेने हाटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, कडेने सुटायला लागलं की ती अजमोद्यासारखी पार्स्लेची पानं चिरून घालायची. गरम असतानाच थापायचं, गार झालं की कापायचं. हाटून हाटून त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता, तोही त्याने अभिमानाने दाखवला. इथवर आपली पाटवडी. पुढे तो त्या पातळ कापट्या तेलात सोडतो, फुगून कड तांबूस झाली की तीळ लावलेल्या पावात घालतो, वर मीठ आणि लिंबू. हे मासे न खाणारे गृहस्थ तिथे दोन पाव खाऊन उभे होते.

"पूर्वी याला लाकडी साचे असायचे," वाटाडी म्हणाली. "आणि काही जण याला अजून पिशी पानेल्ली म्हणतात. पिशी म्हणजे मासे. तळलेल्या माशासारखं दिसतं ना! मासा परवडायचा नाही, तेव्हा हा."

मला हसू आवरेना. ओतूरला, आमच्या आईच्या हातची, सगळ्या जुन्नर पट्ट्याची शान काय? मासवडी! बेसनाचा घाटा ओल्या फडक्यावर थापायचा, वर खोबरं-तीळ-कांद्याचं सारण, गुंडाळी करून माशाच्या पोटासारखी दाबायची, वड्या पाडून झणझणीत रश्शात. मासा नावालाही नाही. मी हे सांगितलं तेव्हा वाटाडीने टपरीवाल्याला सांगितलं, त्याने शेजारच्या ऑलिव्हवाल्याला सांगितलं, आणि पाच मिनिटांत अर्ध्या गल्लीला कळलं की हिंदुस्थानातही खोटा मासा करतात.

यानंतर आमची सहल बदलली. तिने ठरलेला रस्ता सोडला आणि आम्हाला फक्त 'खोटी' पक्वान्नं दाखवत फिरवलं. वांगी देठापासून चिरा देऊन अशी तळायची की खाली पिसारा फुलतो. त्यांना म्हणायचं 'क्वाल्ये', म्हणजे लावे पक्षी, कारण खरे लावे सरदारांच्या ताटात. तांबड्या भोपळ्याच्या फोडी तळून व्हिनेगर, साखर, लसूण आणि पुदिन्यात मुरवायच्या. नाव 'सात तोट्यांचं काळीज'. काळीज खाटकाकडे, आणि ते विकत घेणारे दुसरे. सात तोट्या वुच्चिरिया बाजारातल्या जुन्या कारंज्याच्या, जिथे हा पदार्थ विकायचे. श्रीमंतांच्या घरची सार्डिनची पास्ता, त्यात रानबडीशेप, बेदाणे, चिलगोजे, केशर. मासा आणायला पैसे नसले तर बाकी सगळं तेच घालायचं आणि म्हणायचं 'सार्दी आ मारी', सार्डिन समुद्रातच आहेत! वर किसलेल्या चीजऐवजी भाजलेल्या पावाचा चुरा. भाचीला हे इतकं आवडलं की दिवसभर तिचं तेच. पाणी संपलं तर 'पाणी आ मारी', काका दिसले नाहीत तर 'काका आ मारी'.

निवडुंगाच्या बोंडांचा ढीग लागला होता, काटे काढलेली, केशरी आणि जांभळी. इकडे त्याचं नाव 'फीको द'इंदिया', हिंदुस्थानचं अंजीर. आता हा फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, तो अंजीर नाही आणि हिंदुस्थानातला तर मुळीच नाही. पण विक्रेता यांना बघून "इंदिया! इंदिया!" म्हणत चार बोंडं हातावर ठेवून मोकळा झाला. पैसे घेईना.

मीही काही खरं खाल्लंच, लपवत नाही. 'पानी का मेउसा'. यांना वाटलं कुठलं तरी पेय. सिसिलियनमध्ये पानी म्हणजे पाव, मेउसा म्हणजे प्लीहा. वासराची प्लीहा आणि फुप्फुसं उकडून, पातळ कापून चरबीत परततात आणि पावात भरतात. नुसतं लिंबू पिळलं तर तो पाव 'कुमारी', चीज-रिकोट्टा घातलं तर 'लग्न झालेली'. मी लग्न झालेली घेतली. चव कलेजीकडे झुकणारी, पण जास्त मऊ, थोडी लोखंडी. वजडी खाणाऱ्या माणसाला आवडेल; मला दुसरा पाव नको होता. हे तोवर पाठ फिरवून चर्चचा घुमट बघत होते. वाटाडी म्हणाली, हे मध्ययुगातल्या ज्यू खाटकांपासून आलंय असं सांगतात: त्यांना कापणीचे पैसे घ्यायला धर्माने मनाई, म्हणून आतडी-काळीज मजुरीत घ्यायचे आणि शिजवून ख्रिश्चनांना विकायचे. १४९२ च्या फर्मानाने ज्यूंना बेटावरून हाकललं. पाव राहिला.

निघताना तिचा आवाज जरा चढला. गल्लीच्या तोंडाशी कागदी शंकूत तळलेले मासे विकणारी नवी दुकानं दाखवून म्हणाली, हे आमचं कधीच नव्हतं. वरचे मजले भाड्याच्या खोल्या झाले, खालचे भाजीवाले शंकूवाले झाले. "आणखी दहा वर्षांनी मी तुम्हाला काय दाखवणार?" आम्हीही अशाच भाड्याच्या खोलीत उतरलो होतो. मी काही बोलले नाही.

जाताना यांनी दोन किलो उकडलेले बटाटे घेतले. कशाला ते रविवारी कळेल.

शनिवार

सर्व संतांचा सण, शहराला सुट्टी, निम्मी शटर बंद. आज दुसरा वाटाड्या, तरुण मुलगा, आणि विषय खाण्याचा नाही. खाणं विकणाऱ्यांकडून हप्ता घेणाऱ्यांचा. इथे हप्त्याला 'पित्सो' म्हणतात. मूळ अर्थ चोच. दुकानदाराने त्यांना 'चोच ओली करू द्यायची'. आपण हात ओले करतो, हे चोच करतात.

कालसा मोहल्ल्यात माज्योने चौक नावाचं मोठं मोकळं गवताळ मैदान आहे. शहराच्या मध्यात एवढी जागा रिकामी कशी? १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत घरं पडली ती पडलीच. याच मोहल्ल्यात, आठ महिन्यांच्या अंतराने, फाल्कोने आणि बोर्सेलिनो जन्मले. मोठेपणी त्यांनीच माफियावरचा महाखटला उभा केला: १९८६ ला सुरू झालेला, पावणेपाचशेच्या आसपास आरोपी, त्यासाठी तुरुंगाशेजारी खास काँक्रीटचं कोर्ट बांधलेलं. बंदराजवळच्या एका शाळेच्या भिंतीवर दोघांचं भलंमोठं चित्र आहे, एक दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोय आणि दोघं हसतायत. दोन मित्र असतात तसे. मला ते चित्र कापाचीच्या खांबांपेक्षा जास्त लागलं.

पण मुलगा जास्त बोलला तो लिबेरो ग्रास्सी या कारखानदारावर. पायजमे, अंतर्वस्त्रं शिवायचा कारखाना. जानेवारी १९९१ मध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, 'प्रिय खंडणीखोरा' अशा मायन्याचं: पैसे देणार नाही. इतर व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. २९ ऑगस्टला सकाळी घराबाहेर माफियाने त्याला गोळ्या घातल्या. तिथे संगमरवरी पाटी नाही. घरचे लोक दरवर्षी हाताने लिहिलेला कागद भिंतीला चिकटवतात. ऊन-पावसाने तो विटतो, पुढच्या वर्षी नवा. मला यातलं हट्टीपण कळलं. पाटी लावली की माणूस सरकारचा होतो.

मग २००४ सालच्या जूनमध्ये एका सकाळी शहरभर खांबांवर, दारांवर छोटे कागद चिकटवलेले दिसले, मृत्यूच्या सूचनेसारखी काळी चौकट असलेले: 'पित्सो भरणारा सगळा समाज हा अब्रू नसलेला समाज आहे.' काही तरुण पोरांना एक पब काढायचा होता. जमाखर्च मांडताना पित्सोचा रकाना आला आणि ते अडले. त्यातून आद्दिओपित्सो ही चळवळ उभी राहिली. आज हप्ता न देणाऱ्या दुकानांच्या दारावर त्यांचा स्टिकर असतो, आणि गिऱ्हाइकांसाठी घोषणा अशी: जो पैसे देत नाही त्याला मी पैसे देतो. सहलीत जिथे जिथे आम्ही थांबलो, कॉफी प्यायलो, ती सगळी स्टिकरवाली दुकानं. बंद शटरांवरही ते दिसत होते. हे एका दुकानासमोर बराच वेळ उभे राहिले. पुण्यात यांचं चाळीस वर्षं किराणा दुकान होतं. काय आठवत होते ते मी विचारलं नाही.

मारीना चौकात वडासारखं एक प्रचंड झाड आहे, रबराच्या जातीतलं, पारंब्या जमिनीत घुसून खांब झालेल्या. युरोपातल्या सर्वांत मोठ्या झाडांत ते मोजतात. तिथे बसून मेतकूट-भाताची आठवण काढली, खाकरे खाल्ले.

रविवार

आज दोन गोष्टी एका दिवशी. इथे २ नोव्हेंबर मृतांचा दिवस. रात्री घरातले गेलेले आजी-आजोबा येतात आणि मुलांसाठी खेळणी, मिठाई ठेवून जातात. वाईट वागलेल्या मुलांचे पाय मेलेले लोक किसणीने खरवडतात म्हणे, म्हणून जुन्या घरांत आदल्या रात्री किसणी लपवायचे! दुकानांत साखरेच्या रंगीत बाहुल्या आणि 'मार्तोराना': बदामाच्या लगद्याची फळं. पीच, अंजीर, कापलेलं कलिंगड, त्यावर डागसुद्धा रंगवलेले. मठातल्या जोगिणींनी एका बड्या पाहुण्याला भुलवायला हंगाम नसताना ती झाडांना टांगली होती, अशी आख्यायिका. पुन्हा खोटंच! मी अर्धा किलो घेतली. आपल्याकडे पितर कावळ्याच्या रूपाने जेवून जातात. इथले देऊन जातात.

आणि आमच्या पंचांगाप्रमाणे कार्तिकी एकादशी. यांचा उपास. बटाटे, बोंडं, खजूर, दाणे. पंढरपूर नाही तर निदान डोंगर तरी चढू, म्हणून आम्ही मोन्ते पेल्लेग्रीनोला गेलो. पेल्लेग्रीनो म्हणजे यात्रेकरू. फरसबंद नागमोडी जुनी वाट, उजवीकडे निळा समुद्र. वर गुहेत संत रोझालियाचं देऊळ आहे. १६२४ साली शहरात प्लेग होता, तेव्हा या डोंगरात तिच्या अस्थी सापडल्या, त्या शहरातून मिरवल्या आणि साथ गेली, अशी श्रद्धा. तेव्हापासून ती पालेर्मोची माय.

अर्ध्या वाटेवर माझ्या कानांवर तमिळ आलं. आधी भास वाटला. मग दिसले: अनवाणी बायका, केसांत गजरे, कडेवर पोरं. श्रीलंकेतले तमिळ इथे १९८० च्या दशकापासून आहेत, आणि त्यातले हिंदूसुद्धा रोझालियाला नवस बोलतात, रविवारी अनवाणी डोंगर चढतात. यांनी ते पाहिलं, काहीही न बोलता बूट काढले, लेस एकमेकांत बांधून गळ्यात अडकवले आणि चालू लागले. भाची ओरडली, "काका, दगड गार आहेत!" यांनी ऐकलं नाही. गेली अकरा वर्षं आळंदी ते पंढरपूर चालणारे पाय, त्यांना कसला दगड.

गुहेत छताला पत्र्याच्या पन्हाळी लावल्या आहेत, वेड्यावाकड्या, खडकातून ठिबकणारं पाणी गोळा करायला. ते पाणी तीर्थ म्हणून नेतात. काचेआड सोनेरी वस्त्रातली रोझालिया आडवी, अर्धे डोळे मिटलेली. एक तमिळ आजी हात जोडून पुटपुटत होती, तिच्या शेजारी हे उभे राहून 'सुंदर ते ध्यान' म्हणत होते, जरा हळू आवाजात. पलीकडे एक इटालियन बाई मेणबत्ती लावत होती. पाणी पन्हाळीतून टप टप पडत होतं. लेण्याद्रीची आठवण आली, तिथेही पावसाळ्यात असंच गळतं.

उतरताना यांच्या टाचेला चीर गेली होती. बोलले नाहीत, जिन्यावर लंगडताना कळलं.

सोमवार

मोनरेआलेचं कॅथीड्रल सकाळी पाहिलं. सोन्याचं मोझेक अफाट आहे, पण माझं लक्ष संध्याकाळकडे होतं. शुक्रवारच्या वाटाडीने आईच्या घरी बोलावलं होतं. अट एकच: मी खोटा मासा करून दाखवायचा.

स्वयंपाकघर आपल्या चाळीतल्यासारखं, दोन माणसं उभी राहिली की तिसरं दारात. आईंचं वय सत्तरीपुढचं, अंगात फुलाफुलांचा एप्रन, भाषा फक्त सिसिलियन, जी भाचीलाही अर्धीच कळते. मी हरभऱ्याचं पीठ, तीळ, कांदे, लसूण बाजारातून आणले होते. सुकं खोबरं मिळेना. आईंनी बदाम पुढे केले. मसाला डब्यातला माझा. पाण्यात तेल, मीठ, हळद, तिखट घालून उकळी आली, मी एका हाताने पीठ वैरायला लागले आणि दुसऱ्या हाताने हाटायला. आई ताबडतोब पुढे आल्या, माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि दिशा बदलली. मी डावीकडून हाटत होते. त्यांच्या मते उजवीकडून. पुढची पाच मिनिटं आम्ही आपापल्या भाषेत वाद घातला. घाटा झाला तो त्यांच्या दिशेने, कारण घर त्यांचं.

ओल्या फडक्यावर थापायला मात्र त्यांनी मला दिलं. बोटं भाजतात, मध्ये मध्ये पाण्यात बुडवावी लागतात. सारण पसरलं, फडकं उचलून गुंडाळी केली, तळव्यांनी दाबत दाबत मध्ये उंच, कडेला निमुळतं केलं. आई बघत होत्या. मग त्यांनी कपाटाच्या तळातून एक जुना लाकडी ठोकळा काढला, तेलाने काळा पडलेला, वर फुलाची नक्षी कोरलेली. त्यांच्या आईचा पानेल्लेचा साचा. माझ्या मासवडीचा एक तुकडा घेऊन त्यांनी त्यावर दाबला. नक्षी अर्धीच उठली, सारण बाहेर आलं. त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि तो तुकडा तोंडात टाकला.

रस्सा पातळ झाला होता, तिखट मी मुद्दाम निम्मं ठेवलं होतं, तरी वाटाडी दोन ग्लास पाणी प्यायली. आई सावकाश खात होत्या. एक वडी काट्याने उघडून त्यांनी आत बघितलं, वर-खाली केली, आणि यांच्याकडे बघत विचारलं. प्रश्न कळायला भाषांतराची गरज नव्हती. मासा कुठे आहे?

हे तोंडातला घास संपवून, गळ्यातली माळ सरळ करून म्हणाले, "आ मारी."

आईंनी हातातला काटा खाली ठेवला आणि एप्रनने डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग यांच्या ताटात आणखी दोन वड्या वाढल्या, नको म्हणत असताना.